गाळलेलं भाषण

शोकांतिकेत मुलगी मरते आणि मग सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलू लागतात. बाप छाती बडवतो, शेजारीपाजारी माना हलवतात, पडदा पडतो आणि प्रेक्षक डोळे पुसून मांडीवरची शेंगांची टरफलं झटकत उठतात. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यात असले शेवटचे प्रवेश कितीतरी वेळा शिकवावे लागले, आणि दर वेळी मला तेवढाच राग आला. लोक म्हणतात, म्हातारपणी राग निवतो. माझा नाही निवला. आता शाळा सुटली, घरी रिकामी बसते, तर त्याला उलट जास्तच ऊत येतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला जे नाटक लावलं होतं त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आधीच बरंच मोठं झालेलं आहे, मला त्याला आणखी मोठं करायचं नाही.

गावाचंही नाव लिहीत नाही. मूल आणि आरमोरीच्या मधे कुठंतरी धरा. आजूबाजूला धानाच्या बांध्या, दर गावाला एक तलाव, आणि त्यापलीकडे जंगल. आमचं घर बाजाराच्या रस्त्याला. पुढच्या खोलीत अब्बांचं शिलाईचं दुकान, मागं आम्ही. मशीनच्या खडखडाटात मी झोपले, उठले, अभ्यास केला. मशीन थांबली की मला जाग यायची. घरात अर्धी हिंदी, अर्धी आमच्या झाडीपट्टीची बोली, ज्याला जे सुचेल ते. अब्बांना सगळं गाव मास्टर म्हणायचं, पण ते शिलाईमुळे की दुसऱ्या कामामुळे, हे मला कधी कळलं नाही. दुसरं काम म्हणजे नाटकाचं प्रॉम्टिंग. धान घरी आलं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, आणि आमच्याकडचा नट पाठांतर करत नाही. करणार कसा? आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरंच. स्टेजच्या पुढं खड्डा खणलेला असतो, त्यात ऑर्गनवाल्याशेजारी प्रॉम्टर बसतो, वहीतलं एकेक वाक्य खालच्या आवाजात वाचतो, आणि नट ते उचलून प्रेक्षकांवर फेकतो. राजा, खुनी, पतिव्रता, सगळ्यांच्या तोंडी आधी अब्बांचेच शब्द. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, म्हणून प्रत्येक नाटक मोठ्या अक्षरात उतरवून द्यावं लागे. पाचवीत असल्यापासून ते काम माझं होतं.

कुंदा आमच्या घरी यायची ती ब्लाऊजचं निमित्त करून. तिच्या बापाची धान-गिरणी होती, शिवाय कॉलेज ज्या संस्थेचं, तिचा तो अध्यक्ष. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. इतके ब्लाऊज कोणी शिवत नाही, पण तिच्या आईला ते कधी खटकलं नाही, किंवा खटकूनही ती काही बोलली नाही. कुंदा मागच्या खोलीत बसून माझ्यासोबत अभ्यास करायची आणि अम्मीनं झिंगे-वांगं केलं असलं तर नव्या तांदळाच्या भाताबरोबर पाटावर मांडी घालून ओरपायची. जाताना लिंबाच्या फोडीनं बोटं घासायची, घरी वास जाऊ नये म्हणून. अम्मी तिच्यासाठी लिंबू राखूनच ठेवायची. "बड्या घरची पोरगी, आन् दुकाळातल्यावानी खाते," असं म्हणून पुन्हा वाढायची. कुंदा वर्गात पहिली यायची, मी दुसरी, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

मराठीचे सर बाहेर शिकून आले होते. आवाज गोड, शर्ट कडक, आणि शेवटचा प्रवेश वाचताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. नाटकात त्या मुलीला बाप कोंडून ठेवतो. तिकडे तिचा प्रियकर जीव गमावतो. इकडे दार उघडतं तेव्हा तिनं विष घेतलेलं असतं, आणि बाप धावत आत येतो. इथं तिचं एक भाषण आहे, बापाला उद्देशून. सरांनी ते असं वाचलं की जणू ती मरता मरता लाडात आली आहे. मग रुमालानं डोळे टिपले आणि आम्हाला नोट्स उतरवायला सांगितल्या: नायिकेचा अविचार हेच या शोकांतिकेचे बीज होय. माझ्या मागच्या बाकावरून कुंदाचा हात वर गेला.

"सर, पण कडी त तिच्या बापानं घातली ना? मग अविचार तिचा कसा काय झाला?"

मुलांच्या बाजूनं हशा पिकला. सर हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला वडिलांचा बराच राग दिसतो, कुंदाताई." पुन्हा हशा. कुंदाचा आतेभाऊ त्या हसणाऱ्यांतच बसला होता. वर्ग सुटल्या सुटल्या ही गोष्ट गिरणीवर पोचली असणार. एका प्रश्नाचं उत्तर देता येत नसलं की मुलीला तिच्या बापावरून टोमणा मारायचा, ही विद्या त्या माणसानं कुठून मिळवली होती देव जाणे. मी पुढं कित्येक मास्तरांत ती पाहिली.

त्या दिवशी कुंदा घरी आली ती तणतणत. अब्बा काजं करत बसले होते. मी त्यांना म्हटलं, अब्बा, तुम्ही वाचून दाखवा बरं हा प्रवेश. त्यांनी आमचं पुस्तक अगदी डाव्या डोळ्याजवळ धरलं आणि वाचायला लागले. प्रॉम्टरनं अभिनय करायचा नसतो. तो करायला लागला तर नट गोंधळतो. सगळं एका पट्टीत, सपाट वाचायचं, जोर द्यायचा तो नटानं. अब्बांनी तसंच वाचलं. "रडू नका, बाबा. ज्या हाताने कडी घातलीत, त्या हाताने डोळे पुसू नका. उद्या गावाला सांगाल, पोर वेडी होती, प्रेमापायी गेली. खोटं आहे ते. मला जगायचं होतं. तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचं दार प्यारं होतं, एवढंच सांगा लोकांना." सुस्कारा नाही, हुंदका नाही. आणि तेव्हा आम्हा दोघींना एकदमच कळलं की ती मुलगी रडत नाहीये. ती चिडली आहे. सरांनी इतके दिवस तिच्या रागावर गुलाबपाणी शिंपडून ठेवलं होतं.

"चाचा, पुन्यांदा वाचा," कुंदा म्हणाली. अब्बांनी पुन्हा वाचलं. मग सुई खोचून ठेवत म्हणाले, "या पोरीले कोणी पह्यलेच इचारलं असतं, त एवढं बोला लागलं नसतं." माझ्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि अब्बांचं हे एवढं रसग्रहण एकीकडे. त्या भाषणाचा आम्ही तेव्हा जो अभ्यास केला तसा मी नंतर एकाही विद्यार्थ्याकडून करून घेऊ शकले नाही. मोबाईलवर तयार उत्तरं मिळतात आता त्यांना, पण म्हणून त्यांना दोष देत नाही. आम्हालाही गाईड मिळत होतंच.

चार दिवसांनी कुंदा पुन्हा आली. घरी भाऊसाहेबांनी आवाज चढवला नव्हता, नुसतं जेवण सोडलं होतं. बाप ताटावरून उठला की त्या घरात चूल विझल्यासारखं व्हायचं. एका आठवड्यात आमगावकडचा मुलगा पाहून ठरवूनही टाकला. कुंदानं बापापाशी एकच मागितलं: परीक्षा होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं, म्हणाल तेव्हा. ते त्यांनी कबूल केलं होतं. "पेपर झाले की मंग काई का होईना," ती मला म्हणाली. "डिग्री हातात राह्यली, त कधी ना कधी कामी येईल. तेवढ्यासाठी मी तोंड शिवून बसली हाये, नसीम. तूबी बस." हे तिनं मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, असं मला आज म्हणता येणार नाही.

तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं आणि सरांनी याच नाटकाचा शेवटचा अंक बसवायला घेतला. कॉलेजात आम्ही पुष्कळ मुली, पण स्टेजवर जाईल अशी एकही नाही. म्हणजे जिचा बाप जाऊ देईल अशी नाही. म्हणून गावच्या नाटकात करतात तेच केलं: नायिका वडशाच्या नाटक मंडळीतून बोलावली. ज्या मुलींनी तो प्रवेश वर्षभर घोकला त्यांनी खाली कनातीच्या आड बसायचं, आणि त्यांच्या वतीनं मरायला भाड्यानं बाई आणायची. मुलींना पाचच्या आत घरी पोचवायचं म्हणून प्रयोग भर दुपारी. प्रॉम्टर अर्थातच अब्बा. आणि भाऊसाहेब प्रमुख पाहुणे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सर दुकानात आले. त्यांच्या हातात पुस्तक होतं आणि बापाला उद्देशून असलेलं ते भाषण लाल पेन्सिलीनं आडवं खोडलेलं होतं. "एवढं गाळा, मास्टर. बाप आत येतो, ती 'आले मी' म्हणते आणि पडते. करुण रस त्यानं जास्त साधतो." मी दारात उभी होते. करुण रस! भाऊसाहेबांनी सांगितलं असं सरळ म्हणाले असते तर मला एवढी चीड आली नसती. अब्बांनी मान हलवली. त्यांच्यासाठी हे नवीन नव्हतं, गावोगाव नाटकं अशीच कापतात. मी अब्बांची वही लिहायला बसले. मोठ्या अक्षरात एकेक वाक्य उतरवत गेले. खोडलेल्या जागी आले आणि माझा हात थांबला नाही. ते भाषण मी पूर्ण लिहिलं. मुद्दाम लिहिलं. बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडं मोठंच. मला वाटत होतं की मी हे कुंदासाठी करते आहे. तिचा हात वर गेला तेव्हा मी खाली मान घालून नोट्स लिहीत राहिले होते, त्याची मला लाज वाटत होती.

वडशाची बाई दुपारी बारा वाजता एस.टी.नं उतरली. लतिकाबाई म्हणायचे तिला. चाळिशीची, घोगऱ्या आवाजाची, पायात रबरी चप्पल, आणि त्या आठवड्यात तिनं निरनिराळ्या नाटकांत तीनदा मरून दाखवलं होतं. वर्गातच बाकं बाजूला सारून एक तालीम झाली, सरांच्या पुस्तकावरून, म्हणजे भाषण गाळूनच. "मास्टर, मले फक्त पह्यला शब्द ठोकून द्या," ती अब्बांना म्हणाली. "बाकी मी पाहून घेते." अब्बा हसले. मग मी त्यांच्या हातात वही दिली.

मैदानात मांडव भरला होता. पुढच्या रांगेत भाऊसाहेब, प्राचार्य, गावातली बडी मंडळी. कनातीआड आम्ही, कुंदा माझ्या शेजारी, डोक्यावरून पदर. कनातीच्या फटीतून मला अब्बांची टोपी आणि त्यांच्या हातातली वही दिसत होती. बाप झालेला बी.कॉम.चा पोरगा रडत आत आला. अब्बांनी पान उलटलं. आणि थांबले. त्यांना माहीत होतं इथं काय गाळलंय, तालमीला ते हजर होते. वहीत काय आहे तेही आता त्यांच्या डोळ्यासमोर होतं, आणि अक्षर कोणाचं ते वेगळं सांगायला नको. लतिकाबाई डोळे मिटून शब्दाची वाट पाहत उभी. मांडव एकदम चिडीचूप झाला. लोकांना वाटलं, काय अभिनय करते बाई! मग अब्बा वाचू लागले. सपाट, एका पट्टीत. चुकून वाचलं असं नव्हे. त्यांनी ते ठरवून वाचलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"रडू नका, बाबा," लतिकाबाई म्हणाली. पहिल्या वाक्याला तिनं डोळे उघडले. दुसऱ्या वाक्याला ती त्या पोरग्याला सोडून पुढं आली. बिचारीला काय माहीत पुढच्या रांगेत कोण बसलंय? समोर बाप वाटेल असा एक जाडजूड, मिशावाला माणूस दिसला, आणि तिनं सगळं भाषण त्याच्याकडे बघून म्हटलं. तिलाही कोणीतरी कधीतरी कोंडलं असणार, नाहीतर तसं म्हणता येत नाही. "मला जगायचं होतं," म्हणताना तिचा घोगरा आवाज चिरकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग मागच्या गावकऱ्यांनी, मग कनातीआड आमच्या मुलींनी. मी तर तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. भाऊसाहेब उठले, खांद्यावरचा शेला सावरला आणि मांडवातून चालते झाले. मी आनंदानं कुंदाकडे वळले. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती बापाच्या पाठीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी अब्बांना कॉलेजच्या ऑफिसात बोलावलं. मी मागं मागं गेले आणि दाराशी उभी राहिले. टेबलावर वही उघडी पडली होती.

"मास्टर, हे तुया वहीत आलं कुठून?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माही चूक हाये, भाऊसाहेब. जुनी वही उचलली मी. एका डोयानं दिसत नाई, तुमाले त माईतच हाये."

"पोरीले आमच्या इथी शिकवून राह्यला ना तू?"

"पोरीचा याच्यात काई संबंध नाई."

सर टेबलाशेजारी उभे होते. वर्षभर त्यांनी माझ्या वह्या तपासल्या होत्या. त्यांची नजर वहीवर गेली, मग माझ्यावर, मग खिडकीबाहेर. ते बोलले नाहीत, कारण बोलले असते तर खोडलेलं पुस्तक कोणाचं, हेही निघालं असतं. आणि मी? एका बापाला तोंडावर सुनावणारं भाषण मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि माझ्या बापाची खरडपट्टी निघत असताना मला "मी लिहिलं" हे दोन शब्द सुचले नाहीत. माझं परीक्षेचं हॉलतिकीट त्याच ऑफिसच्या कपाटात होतं. घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "तुले पेपर द्याचे हायेत. अक्षर मातर चांगलं हाये तुयं." त्या वर्षी भाऊसाहेबांच्या शब्दाखातर आसपासच्या एकाही गावानं त्यांना प्रॉम्टिंगला बोलावलं नाही. ते संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायचे, त्याच पट्टीत. आज त्या पायरीसमोरून सूरजागडच्या खनिजाचे ट्रक दिवसभर जातात, मोठ्यानं वाचलेलं काही ऐकूच येणार नाही.

मी पेपर दिले. पहिली आले. त्या पहिल्या नंबराबद्दल कोणी माझं कौतुक केलं की आजही मला दुसरीकडे बघावंसं वाटतं.

कारण कुंदाचं लग्न परीक्षेनंतर व्हायचं होतं ते संमेलनानंतर बारा दिवसांत, पेपरांच्या आधीच झालं. भाऊसाहेबांनी दिलेला शब्द फिरवला. ते म्हणाले म्हणे, सगळ्या गावासमोर माझ्या घरचं दार चव्हाट्यावर आणलं, आता ही पोरगी एक दिवसही जास्त ठेवायची नाही. ब्लाऊज मात्र अब्बांकडेच आले शिवायला. एवढ्या घाईत दुसरा शिंपी मिळाला नसेल. हळदीच्या दिवशी ते घेऊन मी गेले. खरं सांगायचं तर, तोवरही मला वाटत होतं की कुंदा मला मिठी मारेल. म्हणेल, तू केलंस ते बरं केलंस, निदान एकदा तरी कोणीतरी बोललं. मागच्या पडवीत ती पाटावर बसली होती, गळ्यापर्यंत हळद, हात गुडघ्यावर ठेवलेले. बायका पाणी आणायला गेल्या तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं, "कुंदे, ते भाषण मी लिहिलं होतं. अब्बांनी नाही."

"माईत हाये मले. तुयं अक्षर मले माईत नाई का?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी तुले तोंड शिवून बस म्हटलं होतं. काऊन नाई बसली तू? मले इचारलं होतं का एकदा तरी?"

मी ब्लाऊजची घडी तिच्यापुढं सरकवली. तिनं हळदीच्या हातानं ती बाजूला केली, कापडाला डाग लागू नये म्हणून मनगटानं.

"तू लिवलं, चाचानं वाचलं, बाईनं म्हटलं, लोकायनं टाळ्या वाजवल्या," कुंदा म्हणाली. "घरी त मलेच जा लागलं ना."